अर्धरथी कोण? वर्गांचे बळ मोजण्याविषयी

बदलापूर गावात माझ्या बहिणीचे घर आहे. स्टेशनकडचा भाग इमारतींनी भरून गेला असला, तरी जुन्या गावठाणात अजून काही घरांना पडव्या शिल्लक आहेत. मागच्या मे महिन्यात तिच्याकडे गेलो होतो. दुपारच्या उन्हाने बाहेर पडण्याची सोय नव्हती, आणि पडवीत भाचा व त्याचे चार मित्रमैत्रिणी एका खेळात बुडून गेले होते. मधोमध वीस बाजूंचे फासे होते, प्रत्येकापुढे पेन्सिलीने भरलेला एकेक कागद होता आणि एक मुलगा गोष्ट सांगत होता. गोष्टीत एक पडका किल्ला होता आणि त्याच्या तळघरात काहीतरी भयंकर दडलेले होते. बाकीचे चौघे त्या गोष्टीतली पात्रे होते. आपण काय करणार ते प्रत्येकजण सांगे, फासा टाकी, आणि गोष्ट पुढे सरके.

थोड्या वेळाने खेळ थांबला आणि भांडण सुरू झाले. योद्ध्याची भूमिका घेतलेली मुलगी चिडली होती. तिचे म्हणणे असे की, सुरुवातीचे कित्येक रविवार तिच्या योद्ध्याने पुढे उभे राहून सगळ्यांचे प्राण वाचवले. तेव्हा मांत्रिकाजवळ दिवसाला एकच मंत्र होता आणि तो म्हणून झाल्यावर तो मागे लपून बसे. आता पात्रे दहाव्या पातळीला पोचली, आणि मांत्रिक एका उच्चारात पलटणच्या पलटण जाळून टाकतो. "मग मी कशाला?" असे तिने विचारले. भाचा माझ्याकडे वळून म्हणाला, "मामा, तूच सांग, योद्धा भारी की मांत्रिक?"

त्या वेळी मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण तिचा प्रश्न मनातून गेला नाही. निरनिराळ्या प्रकारच्या माणसांचे बळ एकाच मापाने मोजता येते का, ही शंका त्या पडवीपेक्षा पुष्कळ जुनी आहे. आपल्या वाङ्मयात आणि आपल्या इतिहासात तिची दोन मोठी प्रकरणे आहेत, आणि दोन्ही प्रकरणांत कोणीतरी "मग मी कशाला?" असेच विचारले आहे. प्रस्तुत लेखात ती प्रकरणे या खेळाशेजारी ठेवून पाहावयाची आहेत.

प्रथम खेळाविषयी, कारण साहित्याच्या अभ्यासकांना त्याची माहिती असेलच असे नाही. या खेळांचा वंश युद्धखेळांचा आहे. ब्रन्सविक येथील हेल्विग या शिक्षकाने १७८० साली बुद्धिबळाचा पट पुष्कळ वाढवून त्यावर पायदळ, घोडदळ आणि तोफखाना मांडला, तो युद्धविद्या शिकवण्यासाठी. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यात राइसवित्झ याचा खेळ आला. त्यात फासे होते आणि निवाडा करणारा पंचही होता. १९१३ साली एच. जी. वेल्स यांनी 'लिटल वॉर्स' लिहून खेळण्यातल्या शिपायांचे युद्ध घराघरांत नेले. १९७१ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी 'चेनमेल' नावाची मध्ययुगीन युद्धाची नियमावली काढली आणि तिला अद्भुताची एक पुरवणी जोडली. ह्या पुरवणीतला एक 'हीरो' चार सामान्य शिपायांच्या बरोबरीचा धरला होता आणि 'सुपरहीरो' आठांच्या. तीन वर्षांनी, १९७४ मध्ये, गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केले. पलटणी मागे पडल्या आणि एका खेळाडूला एकच माणूस मिळाला. त्या माणसाला 'क्लास', म्हणजे वर्ग असे. आरंभी वर्ग तीनच होते: योद्धा, मांत्रिक आणि पुरोहित. चोर १९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीत आला.

या वर्गांचे बळ सारखे नाही, हे कर्त्यांना ठाऊक होते. त्यांनी ते सारखे करण्याचा यत्नही केला नाही. त्याऐवजी प्रत्येक वर्गाच्या बळाची किंमत त्यांनी वेगळी ठेवली. पहिल्या पातळीवरून दुसरीवर जाण्यास योद्ध्याला अनुभवाचे २००० गुण लागत, मांत्रिकाला २५००, पुरोहिताला १५०० आणि चोराला १२००. मांत्रिक आरंभी दुबळा आणि शेवटी प्रचंड, योद्धा आरंभी दणकट आणि पुढे संथपणे वाढणारा, अशी ही योजना होती. मांत्रिक एवढा का फुगतो, याचे गणित सोपे आहे. पातळीबरोबर त्याच्या मंत्रांची संख्या वाढते, आणि अग्निगोळ्यासारख्या मंत्राचा प्रहारही पातळीच्या पटीतच वाढतो. दोन वाढींचा गुणाकार होतो. योद्ध्याच्या वाट्याला बहुतांशी बेरीज येते.

म्हणजे तेथे समता होती, पण ती काळावर पसरलेली होती. ज्याने वर्षभर खेळ चालवला त्याला ती दिसे. ज्याचा खेळ चौथ्या पातळीवर मोडला त्याला मांत्रिक केविलवाणा वाटे, आणि ज्याने दहाव्या पातळीवर प्रवेश केला त्याला योद्धा. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने सर्व वर्गांसाठी अनुभवाचे एकच कोष्टक केले. मांत्रिकाची जादा किंमत गेली, त्याचा गुणाकार मात्र राहिला. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने सर्वांच्या शक्ती एकाच साच्यात बसवल्या, तर सगळे वर्ग एकाच चवीचे झाले अशी तक्रार आली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने तो साचा पुन्हा सैल केला. १९७४ पासून अर्धशतक उलटले तरी हा वाद मिटलेला नाही, हे पडवीतल्या भांडणावरून उघडच होते.

या इतिहासातली आणखी एक गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९७४ च्या नियमांत पात्राला वर्गाबरोबर जन्मही असे: मनुष्य, बुटका, एल्फ, हॉबिट. मनुष्याला पातळीची मर्यादा नव्हती. बुटक्याला योद्धा म्हणून सहावीपर्यंत जाता येई आणि हॉबिटला चौथीपर्यंत. कितीही पराक्रम केला तरी त्यापुढे दार बंद. १९८१ च्या प्राथमिक संचात तर बुटका किंवा एल्फ हाच एक वर्ग होता. जन्म आणि काम यांत फरकच उरला नव्हता. पातळीची ही बंधने तिसऱ्या आवृत्तीत गेली. जन्मासाठी वापरला जाणारा 'रेस' हा शब्द २०२४ च्या नियमपुस्तकात बदलून त्या जागी जीवजाती या अर्थाचा शब्द आला. वर्ग आणि वर्ण या दोन शब्दांत एका अक्षराचे अंतर असलेल्या भाषेत वाढलेल्या माणसाला हा सगळा प्रवास परका वाटू नये.

त्या रात्री मला आठवला तो उद्योगपर्वातला प्रसंग. पर्वाच्या अखेरीस 'रथातिरथसंख्यान' नावाचे एक उपपर्व आहे. युद्ध ठरले आहे, भीष्म सेनापती झाले आहेत, आणि दुर्योधन त्यांना दोन्ही बाजूंच्या वीरांची मोजदाद करावयास सांगतो. एरवी आपण हा भाग नावांची यादी म्हणून भराभर ओलांडतो. तो सावकाश वाचला तर दिसते की, भीष्म येथे अगदी त्या नियमपुस्तकांसारखे काम करीत आहेत. त्यांच्याजवळ श्रेण्या आहेत: रथी, महारथी, अतिरथी, रथयूथप. त्यांच्याजवळ गुणकही आहेत. भीमाविषयी ते सांगतात की तो एकटा आठ रथींच्या तोलाचा आहे. 'चेनमेल'चा सुपरहीरो आठ माणसांचा, व्यासांचा भीम आठ रथींचा! या दोघांत काही देवघेव झाली असे कोणी म्हणणार नाही. पण वीराचे वर्णन करू पाहणारी बुद्धी शेवटी गुणाकाराकडे वळते, एवढे या योगायोगावरून दिसते. एक महारथी दहा हजार धनुर्धरांशी लढतो वगैरे जे आकडे आपण ऐकतो, ते गीतेवरील टीकांमधून रूढ झालेले आहेत. भीष्मांची स्वतःची मोजणी याहून बारीक आहे.

बारीक म्हणण्याचे कारण अश्वत्थाम्याच्या नोंदीत सापडते. त्याच्या अस्त्रविद्येची भीष्म मनापासून स्तुती करतात आणि मग म्हणतात की, याच्यात एक मोठा दोष आहे, याला जीव फार प्यारा आहे. म्हणून मी याला रथी मानीत नाही आणि अतिरथीही मानीत नाही. अस्त्रे सर्वांत अधिक, आणि श्रेणी कोणतीच नाही. भीष्म शस्त्राचे बळ मोजत नाहीत. ते माणूस ते बळ रणात किती ओतील याचा अंदाज घेतात. कागदावर लिहिलेल्या गुणांवरून पात्राचे बळ ठरवणाऱ्या खेळाडूला हे मोठेच उत्तर आहे.

नंतर कर्णाचे नाव येते. भीष्म त्याला अर्धरथी ठरवतात आणि कारणेही देतात: सहज कवच गेले, कुंडले गेली, परशुरामाचा शाप आहे, ब्राह्मणाचा शाप आहे, साधनांचा वियोग झाला आहे. द्रोण त्याला दुजोरा देतात. कर्ण हा प्रमादी आहे, दयाळूही आहे, आणि रणातून माघारी फिरताना दिसला आहे, असे त्यांचे म्हणणे. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या प्रसंगात भीष्म कर्णाच्या कुळाचा उल्लेख करून त्याला उणे ठरवीत नाहीत. त्यांची कारणे सैनिकी आहेत, आणि पुढचे युद्ध पाहता ती बरीचशी खरी ठरतात. सतराव्या दिवशी रथाचे चाक रुतते, अस्त्र आठवत नाही, अंगावर कवच नसते. यादी चुकलेली नव्हती.

तरीही कर्ण पेटून उठतो, आणि त्याचे उत्तर या सबंध विषयाच्या मुळाशी जाते. तो म्हणतो की, वय झाले, केस पिकले, धन किंवा गोत मोठे आहे, एवढ्यावरून क्षत्रियाचे महारथीपण ठरत नाही. क्षत्रिय बळाने श्रेष्ठ ठरतो, ब्राह्मण मंत्राने, वैश्य धनाने आणि शूद्र वयाने. प्रत्येक वर्गाला त्याचे स्वतःचे माप आहे, असा हा युक्तिवाद आहे. सूतपुत्र म्हणून आयुष्यभर हिणवल्या गेलेल्या माणसाने वर्णांच्याच भाषेत न्याय मागावा, यात केवढी व्यथा आहे! त्याच्यापाशी दुसरी भाषा नव्हती. पुढे तो दुर्योधनाला बजावतो की, हा म्हातारा अशा मोजण्या करून तुझ्या सेनेत फूट पाडतो आहे. भीष्म जिवंत असेपर्यंत आपण लढणार नाही, हा निर्धारही तो पुन्हा बोलून दाखवतो. दोघांतली फूट आधीची होती. या मोजणीने ती पक्की झाली. भीष्म दहाव्या दिवशी पडले. ते दहा दिवस कौरवांचा दुसरा सर्वांत मोठा धनुर्धर शिबिरात बसून होता.

म्हणजे मोजमाप खरे असूनही त्याने मोजणाऱ्याच्या बाजूचे नुकसान केले. यावर महाभारतकार थांबले असते तरी प्रसंग मोठाच होता. पण भीष्मपर्वाच्या अखेरीस कर्ण एकटा शरशय्येजवळ येतो. तेथे भीष्म त्याला सांगतात की, मी तुझ्याशी कठोर बोललो ते तुझे तेज कमी व्हावे म्हणून, कुळात फूट पडू नये म्हणून. धनुर्विद्येत, हातचलाखीत, अस्त्रबळात तू अर्जुनाच्या आणि कृष्णाच्या तोडीचा आहेस. यादी करणाऱ्यानेच आपली यादी मागे घेतली. आता वाचकाने काय समजावे? अर्धरथी हा निर्णय सैनिकी होता की तो एक डावपेच होता? मला वाटते, तो दोन्ही होता, आणि संहिता आपल्याला त्यातले एक निवडू देत नाही. मोजणारा सेनापतीही होता आणि कुळातला आजोबाही होता. त्याचे माप या दोन्ही भूमिकांच्या बाहेर उभे राहूच शकत नव्हते.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ साली ते पुरे झाले. त्यातले उद्योगपर्व सुशीलकुमार डे यांनी संपादिले, ते १९४० साली. मराठी वाचकाच्या मनातला कर्ण मात्र प्रामुख्याने त्यानंतरच्या पुस्तकांतून घडला. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आणि इरावती कर्वे यांचे 'युगान्त' ही दोन्ही पुस्तके १९६७ ची. एकाने कर्णाला पूर्ण सूर्य केले, तर दुसऱ्याने त्याच्याकडे पुष्कळ कठोर नजरेने पाहिले. गेली पन्नासहून अधिक वर्षे आपल्या महाविद्यालयांत चालत आलेला 'कर्ण की अर्जुन' हा वाद एका अर्थी या दोन पुस्तकांमधला वाद आहे. तो सुटत नाही याचे कारण असे की, आपण श्रेणी विचारतो आणि ग्रंथ आपल्याला प्रसंग दाखवतो.

दुसरे प्रकरण इतिहासातले आहे. मोगल राज्यात अकबराच्या काळापासून मनसबीची पद्धत होती. प्रत्येक मनसबदाराला एक आकडा मिळे, दहापासून पाच हजारांपर्यंत आणि शाहजाद्यांना त्याहूनही वर. पुढे या आकड्याचे दोन भाग झाले. 'जात' हा त्या माणसाचा दर्जा आणि पगार दाखवी, आणि 'सवार' हा त्याने किती घोडेस्वार बाळगावयाचे ते सांगे. पंचहजारी मनसबदाराजवळ पाच हजार घोडे असतच असे नव्हे. आकडा सैन्यातून निघाला होता, पण तो माणसाला चिकटून बसला. दरबारात कोण कोणत्या रांगेत उभा राहणार, हे त्यावर ठरे.

जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला. त्यानुसार पंचहजारी मनसब संभाजीराजांना मिळाली, त्या वेळी ते आठ वर्षांचे होते. नेतोजी पालकर १६६६ च्या आरंभी मोगलांकडे गेले, तेव्हा त्यांनाही पंचहजारीच मिळाली. आणि १२ मे १६६६ रोजी आग्ऱ्याच्या दरबारात शिवाजी महाराजांना उभे केले गेले ते पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत. आपला लहान मुलगा ज्या आकड्याचा, आपल्या हाताखाली वाढलेला सरदार ज्या आकड्याचा, त्याच आकड्यात आपण. तत्कालीन राजस्थानी पत्रांतून त्या दिवसाचा जो वृत्तान्त मिळतो, त्यात महाराजांचा संताप, रामसिंगाची धांदल, आणि दरबारात परत जाण्यास महाराजांनी दिलेला साफ नकार आला आहे.

आग्ऱ्याचा प्रसंग आपण स्वाभिमानाची कथा म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण तिच्यात मापाचीही कथा आहे. पंचहजारी हा मोगल दरबारात क्षुल्लक दर्जा नव्हता. अनेकांची हयात तेथवर पोचण्यात गेली. तेव्हा अपमान आकड्याच्या लहानपणात नव्हता. स्वतःचे राज्य उभे करणाऱ्या माणसाला बादशहाच्या चाकरांच्या कोष्टकात बसवले गेले, अपमान त्यात होता. सातहजारी दिली असती तरी कोष्टक तेच राहिले असते. कर्णाने वर्णांच्या कोष्टकातच न्याय मागितला. महाराजांनी ते कोष्टकच नाकारले, आणि आठ वर्षांनी, १६७४ मध्ये, रायगडावर राज्याभिषेक करवून घेऊन आपला दर्जा सांगण्याची भाषाच बदलून टाकली.

परंतु सैन्य उभे करावयाचे तर मोजणी टाळता येत नाही, आणि महाराजांनीही ती टाळली नाही. त्यांची मोजणी कशी होती, हे कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत वाचावयास मिळते. ही बखर राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली गेली, १६९७ च्या सुमारास. घोडदळात दोन वर्ग होते. बारगीर सरकारी घोड्यावर बसे, त्यांची पागा. शिलेदार स्वतःचे घोडे आणि हत्यार घेऊन चाकरीला येई. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमलेदारांवर एक हजारी. गुणाकार केला तर हजारीच्या हाताखाली साडेबाराशे माणसे येतात. मोगल आकडा नावाला मोठा आणि प्रत्यक्षात बहुधा लहान. हा आकडा नावाला लहान आणि प्रत्यक्षात मोठा.

बारगीर आणि शिलेदार यांत बलवान कोण? एकेकट्याचा विचार केला तर शिलेदार. घोडा त्याचा, हत्यार त्याचे, मानही अधिक. 'बारगीर' या शब्दाला पुढे मराठीत दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा अशी जी छटा आली, तिच्यातही ही पायरी दिसते. तरी सभासद सांगतो की, महाराजांनी पागेचे बळ मोठे ठेवले आणि शिलेदारांना पागेच्या स्वाधीन केले, म्हणजे कोणाला बंड करण्यास वाव राहू नये. एकेकटा अधिक बलवान असलेला वर्ग त्यांनी मुद्दाम दुय्यम जागी ठेवला. त्यांच्या दृष्टीने बळ हा माणसाचा गुण नव्हता. ते रचनेचे काम होते. ज्याचा घोडा स्वतःचा, त्याचा घोडा मेला म्हणजे त्याचे पोट गेले, आणि त्याची निष्ठाही घोड्याबरोबर कोठेही जाऊ शकते. सरकारी घोडा मेला तर दुसरा मिळतो.

याच ठिकाणी सभासदाच्या बखरीतला एक बारीक तपशील मला फार मोलाचा वाटतो. पंचवीस घोड्यांच्या मागे एक पखालजी आणि एक नालबंद असावा, असे तो नोंदवतो. पाणी वाहणारा आणि नाल ठोकणारा. भीष्मांच्या यादीत हे दोघे कोठे आहेत? सारथी नसला तर रथी शब्दाला अर्थ नाही. तरी मोजणी होते ती रथींची. पुढे कर्णाच्या मरणात शल्याच्या सारथ्याचा केवढा वाटा आहे, हे कर्णपर्व वाचणाऱ्याला सांगावयास नको. अर्जुनाच्या रथावर कोण बसले होते, तेही सांगावयास नको. कर्ण आणि अर्जुन यांची तुलना आपण दोन माणसांची म्हणून करतो. प्रत्यक्षात ती दोन रथांची होती, आणि रथावर दोघेदोघे होते.

बदलापूर या नावाची एक व्युत्पत्ती गावात सर्वजण सांगतात. शिवाजी महाराजांच्या काळी येथे फौजेचे घोडे बदलले जात, म्हणून बदलापूर. ही लोकव्युत्पत्ती आहे, आणि लोकव्युत्पत्तीला कागदाचा पुरावा मागू नये हेच बरे. लोकांना काय लक्षात ठेवावेसे वाटले, हे मात्र तिच्यावरून कळते. कल्याण १६५७ मध्ये स्वराज्यात आले, आणि कल्याणहून घाटाकडे जाणाऱ्या वाटेच्या बाजूला, उल्हास नदीच्या काठी हे गाव वसले आहे. आपल्या गावी लढाई झाली असे गावकरी सांगत नाहीत. आपल्या गावचा कोणी महारथी होता असेही सांगत नाहीत. दमलेला घोडा येथे सोडला जाई आणि ताजा घोडा दिला जाई, एवढीच त्यांची आठवण आहे आणि एवढाच त्यांचा अभिमान. पराक्रमाच्या कथेत नालबंदाची आणि पखालजीची जागा एखाद्या सबंध गावाने आपल्या नावात जपून ठेवावी, हे मला विलक्षण वाटते.

त्या मुलीच्या प्रश्नाकडे यापुढे जरा निराळ्या नजरेने पाहता येते. "योद्धा भारी की मांत्रिक?" या प्रश्नाला उत्तर नाही, कारण त्यात काम सांगितलेले नाही आणि सोबतही सांगितलेली नाही. खेळाच्या पहिल्या कर्त्यांना हे अर्धवट उमगले होते. त्यांनी वर्ग निर्माण केले ते एकमेकांवाचून अडावेत म्हणून. पुढच्यांनी ते समान करण्याचा ध्यास घेतला, तेव्हा प्रत्येक पात्र एकटे उभे करून तोलले जाऊ लागले, आणि एकट्याच्या तोलात नालबंद नेहमीच हलका भरतो.

पण एवढे सांगून तिचे समाधान व्हावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. तिची तक्रार तोलाची नव्हतीच. आपण पुढे उभे राहून ज्यांना वाचवले त्यांना आता आपली गरज उरली नाही, हे तिचे दुःख होते. संघ महत्त्वाचा, प्रत्येकाचे स्थान वेगळे, ही वाक्ये ज्याचे स्थान गेले त्याला ऐकवली म्हणजे ती क्रूर होतात. आपल्याकडे हजारो वर्षे असली वाक्ये ऐकवली गेली आहेत. वर्णव्यवस्थेचे समर्थनही नेमके याच भाषेत होत आले. सगळे अवयव मिळून एक देह, असे पायांना सांगणारे तोंड नेहमी वरच असते. म्हणून परस्परावलंबनाचा विचार खरा असला तरी तो सांगण्याचा अधिकार कोणाला, हे पाहावे लागते. बारगिराची महती बारगिराने सांगावी. भीष्मांनी कर्णाला त्याची योग्यता सांगितली तीही स्वतः बाणांवर पडल्यावर, दुसरे कोणी जवळ नसताना. ती भर सभेत सांगितली असती तर कदाचित वेगळे महाभारत झाले असते.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर मुलांनी खेळ पुन्हा मांडला. वाद मिटला नव्हता, पण गोष्ट सांगणाऱ्या मुलाने एक युक्ती केली. किल्ल्याच्या तळघरात त्याने एक अशी खोली आणली की जेथे मंत्र चालत नाहीत. मांत्रिकाचा चेहरा पडला. योद्ध्याने तलवार उपसली आणि त्याला आपल्या पाठीमागे घेतले. हा पक्षपात आहे, असे म्हणत मांत्रिक कुरकुरला, आणि त्याचे म्हणणे खरेच होते. आपल्या पात्रांचा असा पक्षपात करणे हे कथाकाराचे जुने काम आहे. कर्णासाठी शरशय्येजवळची ती रात्र व्यासांनी अशीच राखून ठेवली होती. मुलीने फासा हातात घेतला, थोडा वेळ मुठीत खुळखुळवला आणि टाकला. किती पडले ते मला माझ्या जागेवरून दिसले नाही.